सूक्ष्मदर्शक आणि खतावणी

जालना रस्त्याने विमानतळाच्या दिशेने निघाले की चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीचे फाटे लागतात. संध्याकाळी पाळी सुटली की त्या फाट्यांवर चहाच्या टपऱ्यांभोवती मुलामुलींचे घोळके दिसतात. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, डोक्यावर दिवसभर घातलेल्या टोपीचा कपाळावर उमटलेला वळ. यातली बरीचशी मुले एम.एस्सी. झालेली असतात, कुणी सूक्ष्मजीवशास्त्रात, कुणी जीवरसायनशास्त्रात, कुणी जैवतंत्रज्ञानात. पैठण, सिल्लोड, गंगापूर, पार बीड-परभणीकडून आलेली. औषधकंपन्यांच्या गुणवत्ता विभागात ती नमुने तपासतात, नोंदी लिहितात, तापमानाचे आकडे टिपतात. ज्या पेशीवर त्यांनी दोन वर्षे अभ्यास केला तिच्याविषयी ती तासभर बोलू शकतात. पण ‘तुम्ही तपासता ती बॅच बाद झाली तर कंपनीचे किती रुपये बुडतात?’ असे विचारले, की ती एकमेकांकडे पाहू लागतात.

हा प्रश्न मी हल्ली मुद्दाम विचारतो. वास्तविक तो मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता, आणि तोही टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला नव्हे, तर स्वतःला.

१९९६ ची गोष्ट. एका बँकेच्या शाखेत मी तेव्हा कर्जविभाग पाहत असे. एके दिवशी एक निवृत्तीला आलेले प्राथमिक शिक्षक आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, वर्गात पहिली. तिला ऊतिसंवर्धनाने केळीची रोपे तयार करण्याची प्रयोगशाळा काढायची होती. प्रकल्प अहवाल तिच्या हातात होता. तो कुणा लेखापालाने करून दिला होता आणि कुक्कुटपालनाच्या अहवालात ठिकठिकाणी शब्द बदलून तो बेतला आहे, हे पहिल्या चार पानांतच कळत होते. एका पानावर तर ‘पक्ष्यांची मरतूक’ हे शब्द तसेच राहून गेले होते. पहिल्या वर्षापासून शंभर टक्के उत्पादन, शंभर टक्के विक्री. खेळत्या भांडवलाचा रकाना जवळपास कोरा.

मी तिला विचारले, ‘मार्जिन मनी किती आणणार?’ तिला तो शब्द माहीत नव्हता. तिने मला निर्जंतुक कोंब, माध्यम, गुणन, पुनर्रोपण असे काहीतरी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्यातले मला काही माहीत नव्हते. मग बँकेच्या माणसाला जे येते ते मी केले. शिक्षकांकडे वळून म्हणालो, ‘गुरुजी, राहते घर तारण ठेवता का?’ गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मुलगी म्हणाली, ‘नको, सर.’ आणि दोघे उठले. मी अर्जावर ‘प्रस्ताव व्यवहार्य नाही’ असा शेरा मारला. तो शेरा नियमाने अगदी बरोबर होता. त्या काळी जळगावकडे याच रोपांनी केळीच्या शेतीचा चेहरा बदलायला सुरुवात केली होती, हे मला पुष्कळ नंतर समजले.

आज तो अहवाल माझ्यासमोर आला तर काय करावे लागेल, याचा मी निवृत्तीनंतर कधीतरी सविस्तर हिशेब मांडला. कादंबरीकाराला असले उद्योग सुचतात. केळीच्या कोंबापासून विकण्याजोगे रोप व्हायला सुमारे वर्षभर लागते. म्हणजे कर्जाचे पहिले वर्ष केवळ खर्चाचे. त्यात वातानुकूलित खोली, निर्जंतुकीकरणाची यंत्रे, आणि मराठवाड्यातले भारनियमन. वीज गेली की खोली तापते, बुरशी शिरते, बाटल्या फेकाव्या लागतात. रोपांचा साठाही करता येत नाही. शेतकऱ्याला लागवडीच्या हंगामातच रोप हवे असते, आणि महिनाभर उशीर झाला की रोप वाढून निकामी होते. म्हणजे मागणी आधी नोंदवून घ्यायला हवी, आगाऊ रक्कम घ्यायला हवी, हप्ते पहिल्या विक्रीनंतर सुरू व्हायला हवेत. यातले विज्ञान त्या मुलीला ठाऊक होते. पैशाचे गणित मला ठाऊक होते. दोहोंना जोडणारे वाक्य आमच्यापैकी कुणालाच येत नव्हते.

म्हणून जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्यवसायाचे शिक्षण द्यावे, या मागणीकडे मी केवळ एक नवा अभ्यासक्रम म्हणून पाहू शकत नाही.

ही मागणी नवी नाही. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ साली स्थापन झाला. १९९० मध्ये वित्तीय संस्थांच्या पाठबळावर ‘बायोटेक कन्सॉर्शियम इंडिया’ ही कंपनी निघाली, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना काही महिने उद्योगात विद्यावेतनावर काम करू देणारी योजना तिच्यामार्फत चालवली गेली. २०१२ मध्ये ‘बायरॅक’ आली. नवी कल्पना असलेल्या संशोधकाला दीड वर्षासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देणारी तिची योजना आज बहुतेक विद्यापीठांतून माहीत झालेली आहे. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात ‘व्हेंचर सेंटर’ आहे. म्हणजे पैसा नाही, जागा नाही, ही पूर्वीची तक्रार आता तितकीशी खरी राहिलेली नाही. पण अनुदान हे कर्ज नव्हे आणि भांडवलही नव्हे. अठरा महिने संपतात, उपकरणे उभी राहतात, आणि मग पहिल्यांदा कुणीतरी विचारते, ‘हे कोण विकत घेणार, आणि किती रुपयांना?’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला एकोणिसाव्या महिन्यात सुरुवात करणे म्हणजे वरात दारात आल्यावर मंडपाचे खांब शोधण्यासारखे आहे.

यावर प्राध्यापक मंडळींचा एक आक्षेप असतो, आणि तो मला मनापासून पटतो. ते म्हणतात, विज्ञान हे सत्यशोधनाचे क्षेत्र आहे. तिथे नफा-तोट्याची भाषा शिरली, की मुले जे खरे आहे ते शोधण्याऐवजी जे खपेल ते शोधू लागतील. भीती खोटी नाही. मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला तर ती अंगावरच्या वळासारखी आठवते. बीटी कापसाला २००२ साली मान्यता मिळाली. ते तंत्र आपल्याच शेजारच्या जालन्याच्या ‘महिको’ने अमेरिकेच्या मोन्सॅन्टोच्या भागीदारीत आणले होते. सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात विकले जाई. त्यातला मोठा वाटा बियाण्याचा नव्हता. आतल्या जनुकाच्या स्वामित्वशुल्काचा होता. आंध्र प्रदेश सरकार त्याविरुद्ध २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे गेले, त्यानंतर भाव निम्म्यावर आले. शेतकऱ्याच्या हातातल्या पाकिटात बी किती आणि परवाना किती, हे त्या वेळी आमच्या बँकेच्या पीककर्जाच्या टेबलावर बसलेल्या एकालाही सांगता आले नसते. जीवशास्त्राच्या किती पदवीधरांना सांगता आले असते?

इथेच मला वाटते की तो आक्षेप उलटा फिरतो. व्यवहार न कळणारा शास्त्रज्ञ व्यवहारापासून दूर राहत नाही. तो फक्त दुसऱ्याने ठरवलेल्या व्यवहारात राबतो. ज्याला किंमत कशी ठरते ते कळते, त्यालाच ‘ही किंमत अन्यायाची आहे’ असे आकड्यांनिशी म्हणता येते.

‘महिको’चे नाव आलेच आहे तर बद्रीनारायण बारवाले यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात ही कंपनी काढली. भेंडीच्या ‘पुसा सावनी’ या सुधारित वाणाच्या बियाण्यापासून त्यांच्या कामाची सुरुवात झाली होती. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ते प्रयोगशाळेतून आलेले नव्हते. बियाणे पेरणीच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पडले पाहिजे, ते उगवले पाहिजे, आणि बीजोत्पादन करून देणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, या गोष्टी त्यांना शास्त्राआधी समजल्या आणि मग त्यांनी शास्त्रज्ञ जोडले. आपल्याकडे हे असेच घडत आले आहे. हैदराबादची ‘शांता बायोटेक्निक्स’ काढणारे वरप्रसाद रेड्डी मुळात इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंता. अमेरिकेत १९७६ मध्ये ‘जेनेन्टेक’ उभी राहिली ती हर्बर्ट बॉयर हा शास्त्रज्ञ आणि रॉबर्ट स्वॉन्सन हा भांडवल गुंतवणारा तरुण, या दोघांनी पाचपाचशे डॉलर घालून. दोन वर्षांत जिवाणूकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्यात त्यांना यश आले. स्वॉन्सनने रसायनशास्त्रही शिकले होते, हे मात्र आपण सांगायला विसरतो. बॉयर बोलत होता ते त्याला कळत होते.

आता चिकलठाण्याकडे पुन्हा येतो, कारण सांगण्यासारखी खरी कहाणी तिथेच आहे.

या वसाहतीत वोक्हार्टचे संशोधन केंद्र आहे. २००३ साली या कंपनीने जनुकीय तंत्राने तयार केलेले इन्सुलिन बाजारात आणले. पुढे २००९ मध्ये तिला कर्जाची पुनर्रचना करून घ्यावी लागली. परकीय चलनातले व्यवहार आणि रोखे गळ्याशी आले होते. पशुऔषधांचा आणि नंतर पोषणआहाराचा व्यवसाय विकावा लागला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आधी वाळूजच्या व मग चिकलठाण्याच्या कारखान्यातून होणाऱ्या आयातीवर बंदी घातली. नोंदी ठेवण्याच्या पद्धतीवर त्यांचे आक्षेप होते. हे सगळे त्या त्या वेळी वर्तमानपत्रांतून आलेले आहे. या पडझडीतही तिथले प्रतिजैविकांवरचे संशोधन बंद पडले नाही. जानेवारी २०२० मध्ये ‘एमरॉक’ला भारतात मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूमोनियावरचे ‘नॅफिथ्रोमायसिन’ जाहीर झाले. त्याला बायरॅकचे साहाय्य होते; चौदा वर्षे आणि सुमारे ५०० कोटी रुपये लागल्याचे सरकारी निवेदनात म्हटले होते. दिवसातून एकदा, केवळ तीन दिवस घ्यायचे औषध.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातली शेवटची ओळ सर्वांत आनंदाची वाटेल. बँकेतल्या माणसाला ती घाम फोडते. चौदा वर्षे आणि ५०० कोटी, आणि गिऱ्हाईक तीन दिवसांत बरे होऊन जाणार! मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो. प्रतिजैविक मात्र जितके चांगले तितके कमी वापरायचे असते. जंतूंना त्याची सवय होऊ नये म्हणून डॉक्टरांनी ते कपाटात राखून ठेवायचे असते. औषध जितके गुणकारी, तितका त्याचा खप कमी असावा, अशी ज्या मालाची नीती आहे त्या मालाला कर्ज कोण देणार?

हा केवळ माझा बँकी संशय नाही. अमेरिकेत ‘अकाओजेन’ नावाच्या कंपनीने ‘प्लाझोमायसिन’ हे प्रतिजैविक तयार केले. जून २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा विजयाचा दिवस होता. एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे वर्ष पुरे व्हायच्या आत, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. औषध उत्तम होते, गरज खरी होती, पण विक्रीतून येणारा पैसा खर्चाला पुरत नव्हता. पुढे त्या औषधाचे हक्क आपल्याच सिप्लाच्या अमेरिकी शाखेने घेतले. इंग्लंडने मग वेगळी वाट काढली. २०२२ मध्ये तिथल्या आरोग्यसेवेने दोन प्रतिजैविकांसाठी कंपन्यांना वर्षाला कमाल एक कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. औषध कितीही कमी वापरले तरी. अग्निशामक बंबाचे पैसे आपण आगी मोजून देत नाही, तसेच हे. ही कल्पना मांडायला औषधाचे शास्त्रही कळावे लागते आणि वार्षिक अर्थसंकल्पही.

आपल्या चिकलठाण्यातल्या प्रयोगशाळेतली एखादी मुलगी उद्या दिल्लीच्या एखाद्या समितीपुढे असा प्रस्ताव मांडू शकेल का? बुद्धीने नक्कीच. पण रोख प्रवाह म्हणजे काय, दहा वर्षांनी मिळणाऱ्या एक रुपयाची आजची किंमत किती, एकस्व वीस वर्षांचे असले तरी त्यातली बारा-चौदा चाचण्यांतच का जातात, हे तिला कुणीतरी शिकवलेले असले पाहिजे.

नोंदींच्या प्रश्नाचेही तेच. माझ्या बँकेत नवा कारकून आला की त्याला पहिली गोष्ट सांगत: खतावणीत खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करायची. कारखान्यातल्या बॅचनोंदीचा नियम अक्षरशः हाच आहे. पण आपण तो मुलांना शिस्त म्हणून शिकवतो, व्यवहार म्हणून शिकवत नाही. ‘साहेबांनी सांगितले म्हणून वेळ मागची टाकली’ असे म्हणणाऱ्या पोराला हे कधी कुणी मांडून दाखवलेले नसते, की एका कारखान्याची आयात बंद झाली तर किती कोटींची विक्री थांबते, किती कंत्राटी माणसे घरी बसतात, बँकेचे कर्ज कसे अडचणीत येते. ते आकडे ज्याच्या डोक्यात आहेत तो साहेबाला म्हणू शकतो, ‘सर, हे आपल्याला परवडणार नाही.’ ‘हे चूक आहे’ या वाक्याला वरचा माणूस भीक घालत नाही. ‘हे परवडणार नाही’ या वाक्याला घालतो. हे दुःखद आहे, पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी याहून वेगळे फारसे पाहिले नाही.

मग शिकवायचे काय? दोन दिवसांची कार्यशाळा, पाहुण्यांचा सत्कार, रंगीत पडद्यावर इंग्रजी बाण आणि वर्तुळे, शेवटी प्रमाणपत्र आणि जेवण, एवढ्याने काही होत नाही, हे मी अशा चार-पाच समारंभांत स्वतः हार घालून घेतल्यानंतर सांगतो आहे. सगळ्यांनी एम.बी.ए. व्हावे असेही मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमॉन्टला १९९७ मध्ये केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट निघाली. तिथे जीवविज्ञान आणि व्यवसाय एकाच पदवीत शिकवतात आणि विद्यार्थ्यांचे गट एखाद्या कंपनीचा खरा प्रश्न घेऊन त्यावर काम करतात. तेवढी ऐपत आपल्या महाविद्यालयांची नसेल. पण खरा प्रश्न घ्यायला ऐपत कशाला लागते? चिकलठाणा आहे, वाळूज आहे, शेंद्रा आहे, जालन्याची बियाणी आहेत. बाद झालेल्या एका बॅचचा खर्च मांडा. ट्रायकोडर्माच्या पाकिटाची किंमत ठरवा, आणि ते दुकानदाराच्या पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात किती दिवस जिवंत राहते हे पाहून पुन्हा ठरवा. एखाद्या नोंदलेल्या कंपनीचा ताळेबंद घेऊन एक सत्रभर वाचा.

आणि एकस्वाच्या कायद्याचे दोन धडे सगळ्यांनाच सक्तीचे हवेत. शोध आधी परिषदेत वाचून दाखवायचा, प्रबंध ग्रंथालयात जमा करायचा, आणि मग एकस्वाचा अर्ज करायला निघायचे, या उलट्या क्रमाने आपल्या विद्यापीठांतल्या कितीतरी कल्पना गेल्या असतील. जाहीर झाले की नावीन्य संपले, हा साधा नियम. शिवाय आपल्या मातीतला जंतू किंवा वनस्पती वापरून शोध लावला असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची पायरी आहे. ते न कळल्याने पुढे अडून बसण्यापेक्षा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी कळलेले बरे.

शिकवणार कोण, हा प्रश्न मला सगळीकडे विचारतात. जीवशास्त्राच्या प्राध्यापकाला ताळेबंद येत नाही, वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकाला पेशी येत नाही, आणि दोघांच्या इमारतींत एक मैदान असते. मला वाटते, दोघांनी एकाच वर्गात, एकाच वेळी उभे राहावे. एकमेकांसमोर अज्ञान उघडे पडेल हे खरे. १९९६ साली माझे आणि त्या मुलीचे पडले तसे. फरक इतकाच की तेव्हा मी खुर्चीवर होतो म्हणून माझे अज्ञान नियमात बसले आणि तिचे शेऱ्यात गेले. बँकांनीही आपल्या अधिकाऱ्यांना वर्षातून चार दिवस प्रयोगशाळेत पाठवावे. गाय-म्हैस तपासायला आम्ही गोठ्यात जात होतोच की.

गेल्या वर्षापासून जालना रस्त्यावरच्या एका मित्राच्या रिकाम्या गाळ्यात मी शनिवारी दुपारी बसतो. पाच-सहा मुले येतात. कुणाची दुपारची पाळी असली तर तीनच येतात. फी नाही, प्रमाणपत्र नाही, त्यामुळे गर्दीही नाही. वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या सवयीप्रमाणे मी त्यांना आडव्या-उभ्या रेघा मारून बारा महिन्यांचा जमाखर्च मांडायला लावतो, आणि ती मला जीवाणूंविषयी जे सांगतात ते मी वहीत लिहून घेतो.

मागच्या शनिवारी फुलंब्रीकडची एक मुलगी ऊतिसंवर्धनाचाच हिशेब घेऊन आली. केळी नव्हे, आले. त्या भागात आल्याचे पीक आहे आणि निरोगी बेण्याचा प्रश्नही. माझी जुनी गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती. तिने खर्चाच्या बाजूला ‘वीज गेल्यास बाद होणाऱ्या बाटल्या’ असा रकाना स्वतःहून घातला होता आणि तिच्या गावच्या फीडरवर गेल्या उन्हाळ्यात वीज किती वेळा गेली, याची टिपणे सोबत आणली होती. व्याजाचा रकाना मात्र तिने मोकळा सोडला आहे. तो आम्ही येत्या शनिवारी भरणार आहोत.